मुंग्या आल्या की बूस्टर वाढवताय? कोअ‍ॅक्स केबलच्या जाळ्यातल्या या चुका टाळा

नव्वदच्या दशकात मी गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांच्या आडोशाने केबल ओढली आहे. शिकवणारं कोणी नव्हतं. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी लोकांना डिशचं वेड लागलं, त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ मध्ये झी. गावोगाव मिळेल त्या वायरवर जाळी उभी राहिली. पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या पहिल्या केबलवाल्यांबद्दल वाचलं, तेव्हा ध्यानात आलं की आमच्या हातून झालेली जवळजवळ प्रत्येक चूक पेनसिल्व्हेनियातल्या खाणगावांत १९५०च्या आसपास होऊन गेली होती. तिच्यावरचा उपायही तिथेच सापडला होता. तो कोणी आम्हाला सांगितला असता तर किती रात्री गच्चीवर काढाव्या लागल्या नसत्या!

अ‍ॅनालॉग प्रक्षेपण गेलं, तरी कोअ‍ॅक्स (मधे एक तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल) अजून इमारतींत आहे, केबलच्या इंटरनेटला आहे, सीसीटीव्हीला आहे. चुकाही त्याच आहेत, फक्त पुढे सांगितलेल्या मुंग्या-सावल्या अ‍ॅनालॉग पडद्यावर दिसतात.

बूस्टर चुकीच्या टोकाला लावणे

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरात चित्राला मुंग्या येतात, म्हणून टीव्हीच्या मागे बूस्टर लावला जातो. चित्र उजळतं, मुंग्याही उजळतात.

पेनसिल्व्हेनियातलं लॅन्सफर्ड हे गाव दरीत आहे. फिलाडेल्फिया तिथून शंभराहून जास्त किलोमीटर, मध्ये डोंगर. १९५० मध्ये तिथल्या रॉबर्ट टार्ल्टन या दुकानदाराने वरच्या समिट हिलवर अँटेना उभी केली, कारण फिलाडेल्फियाची तीन चॅनेल तिथे धड मिळत होती. तिथून कोअ‍ॅक्स खांबांवरून खाली गावात आणली. दर थोड्या अंतरावर जेरोल्ड कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पेट्या, मुळात अपार्टमेंटच्या सामायिक अँटेनासाठी बनवलेल्या. या मांडणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा क्रम: सिग्नल जिथे स्वच्छ आहे तिथे पकडायचा, आणि केबलमध्ये तो फार खाली जाण्याआधीच उचलायचा.

आता आकडे बघा, सिग्नलची ताकद मोजायच्या डेसिबल या एककात. ७५ ओहमच्या केबलमध्ये उष्णतेमुळे निर्माण होणारा गोंगाट काही केल्या जात नाही. एका टीव्ही चॅनेलच्या रुंदीत तो मायक्रोव्होल्टच्या मापात साधारण २ डेसिबल धरा. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा आणखी १० डेसिबल घालतो. म्हणजे आत ७० डेसिबल सिग्नल आला, तर तो गोंगाटाच्या ५८ डेसिबल वर राहतो. असे एकसारखे अ‍ॅम्प्लिफायर एकामागे एक जोडले, की संख्या दुप्पट होताना दर वेळी ३ डेसिबल जातात. सोळाव्यानंतर ४६ उरतात. चित्र अजून स्वच्छ दिसतं. पण तोच सिग्नल प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६० डेसिबलने शिरत असेल, तर सोळाव्यानंतर उरतात ३६. मग शेवटच्या घरात कितीही भारी बूस्टर लावा, तो आकडा ३६च्या वर जात नाही. एकदा गोंगाटात बुडालेला सिग्नल पुढे कुठेच वेगळा काढता येत नाही.

म्हणून मुंग्यांची तक्रार आली की सिग्नल मोजायचा मीटर घेऊन मागे चालत जा. ज्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत येणारा सिग्नल पहिल्यांदा कमी भरतो, दोष त्याच्या आधीच्या तुकड्यात आहे.

भीतीपोटी लेव्हल चढवणे

वरचं वाचून कोणी म्हणेल, मग सगळे अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल करू. आम्ही तेच केलं होतं. मग एका चॅनेलवर दुसऱ्या चॅनेलची सावली गाडीच्या काचेवर वायपर फिरावा तशी सरकू लागते, आणि बारीक तिरक्या रेघांचं जाळं दिसतं. अ‍ॅम्प्लिफायर ताणला गेला की चॅनेल एकमेकांत मिसळून नको असलेली मिश्रणं तयार करतात. लेव्हल १ डेसिबलने वाढवली, की या मिश्रणांपासूनचं अंतर २ डेसिबलने घटतं. कमाई एक, नुकसान दोन.

जुन्या अमेरिकी जाळ्यांत प्रत्येक चॅनेलला वेगळी अ‍ॅम्प्लिफायरपट्टी असायची, तेव्हा हा त्रास कमी होता. एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून सगळी चॅनेल जाऊ लागली तेव्हा तो खरा समोर आला. मुंग्या आणि वायपर यांच्यामधली पट्टी अरुंद असते, आणि साखळी लांबली की ती दोन्ही बाजूंनी आणखी आवळत जाते. बंगल्या-बंगल्यांना वळसा घालत अ‍ॅम्प्लिफायरमागे अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यापेक्षा एक सरळ जाड ट्रंक, म्हणजे मुख्य केबल, आणि तिच्यातून फुटणाऱ्या आखूड फांद्या, ही मांडणी म्हणूनच टिकते.

एकच चॅनेल बघून जुळणी करणे

केबल सगळ्या चॅनेलना सारखी वागवत नाही. शंभर मीटर आरजी-६ या नेहमीच्या केबलमध्ये ५५ मेगाहर्ट्झला साधारण ५ डेसिबल जातात, ५५० मेगाहर्ट्झला १६. खालचं चॅनेल बघून जुळवलं तर वरची चॅनेल मरतात, वरचं बघून जुळवलं तर खालची अ‍ॅम्प्लिफायरला ताणतात. वरच्या-खालच्या चॅनेलची लेव्हल सारखी करणारा इक्वलायझर त्यासाठीच असतो. दोन टोकांची दोन चॅनेल मोजा, मगच स्क्रूला हात लावा.

आणि मोजताना ऊन बघा. तांबं तापलं की केबलमधली घट वाढते, दर अंशाला सुमारे ०.२ टक्के. सातशे मीटर आरजी-११ या जाड केबलची ट्रंक वरच्या चॅनेलना ७० डेसिबल खात असेल आणि गच्चीवरची काळी केबल थंडीतल्या पहाटेपेक्षा ५० अंश जास्त तापली असेल, तर ७ डेसिबलचा फरक पडतो. दिवाळीत पहाटे जुळवलेलं जाळं एप्रिलच्या दुपारी वरच्या चॅनेलवर मुंग्या दाखवणारच.

जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळणे

इथे थोडं थांबतो, कारण सावलीचा दोष शोधण्याची एक युक्ती मला फार उशिरा कळली.

केबलचा ७५ ओहमचा गुण (सिग्नलला सगळीकडे सारखा मिळायला हवा तो ठरलेला रोध) जिथे बिघडतो, तिथून सिग्नलचा काही भाग मागे उलटतो. पिळलेला जोड, दाबून चपटी झालेली केबल, स्प्लिटरचं उघडं सोडलेलं तोंड, तोडलेल्या कनेक्शनची लोंबणारी शेपटी, यातलं काहीही पुरतं. उलटलेली लाट टीव्हीपर्यंत उशिरा पोहोचते आणि मूळ चित्राच्या उजवीकडे सावली उमटते.

अमेरिकेत सुरुवातीला घराला कनेक्शन द्यायची एक झटपट पद्धत होती: केबल कापायचीच नाही, एक टोचा वरून आत खुपसायचा आणि तो मधल्या तारेला टेकवायचा. काम पाच मिनिटांत व्हायचं. पण प्रत्येक टोच्याजवळ केबलचा गुण बिघडायचा, भोकातून पाणी शिरायचं, आणि मुख्य म्हणजे टोचा दोन्ही दिशांचं ऐकायचा. पुढून येणारा सिग्नलही घ्यायचा आणि पुढच्या दोषावरून उलटून आलेलाही. साठच्या दशकात दिशा ओळखणारे टॅप (मुख्य केबलमधून घराला सिग्नल काढून देणारे जोड) रुळले. ते हेडएंडकडून, म्हणजे जिथून सिग्नल जाळ्यात सोडतात तिकडून, येणारी लाट घराकडे वळवतात आणि उलटी आलेली बहुतांशी बाहेर ठेवतात. आजच्या टॅपवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं ते यासाठीच. घाईत टॅप उलटा लावणारे मी कितीतरी पाहिलेत.

आता ती युक्ती. आपल्या जुन्या अ‍ॅनालॉग पॅल पद्धतीत पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे जायला ५२ मायक्रोसेकंद घ्यायची. पडदा ४० सेंटीमीटर रुंद असेल तर ८ मिलिमीटर म्हणजे साधारण १ मायक्रोसेकंद. भरीव पॉलिथिनच्या जुन्या केबलमध्ये सिग्नल तेवढ्यात सुमारे २०० मीटर जातो, फोम केबलमध्ये २५० मीटरच्या आसपास. हा जाऊन परत येण्याचा प्रवास, म्हणून निम्मा करायचा. फोम केबलवर सावली ८ मिलिमीटर सरकलेली असेल, तर दोष त्या घरापासून सव्वाशे मीटरच्या आसपास पुढे. मग ओळीतल्या पुढच्या घरात जाऊन तेच चित्र बघा. सावली मूळ चित्राच्या जवळ आली, तर तुम्ही दोषाकडे चालला आहात. पाचदहा मीटरवर पोहोचलात, की वेगळी सावली उरतच नाही, फक्त अक्षरांच्या कडा पुसट दिसतात. सगळ्या घरांत सावली सारख्याच अंतरावर असेल, तर लाट मागच्या दोन खराब जागांमध्ये आपटून पुढे आली आहे, आणि मोजलेलं अंतर त्या दोन जागांमधलं आहे.

एका फुटपट्टीवर हे होतं. हाती आलेला दोष बहुतेक वेळा एक उघडं तोंड असतो, आणि त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (लाट उलटू न देता जिरवणारं टोपण) बसवला की पूर्ण गल्लीचं चित्र सुधारतं.

सावली *डावीकडे* असेल तर मात्र हा हिशेब सोडा. मूळ चित्राच्या आधी पोहोचणारं काहीतरी हवेतून आलेलं असतं. जवळच्या मनोऱ्यावरचं प्रक्षेपण केबलच्या जाळीच्या भोकांतून किंवा सैल कनेक्टरमधून थेट शिरतं, आणि केबलमधला सिग्नल हवेपेक्षा हळू असल्याने मागे राहतो. सैल कनेक्टर घट्ट करणे, विरळ जाळीची स्वस्त केबल बदलणे किंवा ते चॅनेल केबलवर दुसऱ्या जागी हलवणे, उपाय हे एवढेच.

पाण्याला कमी लेखणे

पेनसिल्व्हेनियातल्याच महानॉय सिटीमध्ये जॉन वॉल्सनने टीव्ही विकायचे म्हणून डोंगरावर अँटेना लावली आणि दोन समांतर तारांच्या चपट्या केबलने सिग्नल खाली आणला. १९४८ची ही गोष्ट तो सांगत असे. त्याची कागदपत्रं पुढे आगीत गेल्याने पहिला कोण हा वाद राहिला. चपट्या तारेचा स्वभाव मात्र वादातीत आहे: तिचं विद्युतचुंबकीय क्षेत्र तारांच्या बाहेर पसरलेलं असतं, म्हणून पाऊस, बर्फ, शेजारचा पत्रा, सगळं तिला लागतं. कोअ‍ॅक्समध्ये क्षेत्र आत बंद असतं, तेव्हा सगळे तिकडे वळले.

पण कोअ‍ॅक्समध्ये पाणी *आत* शिरलं, तर ते बाहेरही निघत नाही. जाळीतून वातीसारखं पुढे सरकतं, तांबं हिरवं पडतं. कोकणात, घाटमाथ्यावर पहिल्याच पावसाळ्यात केबल हातची जाते. केबल टॅपमध्ये वरून कधीच आणू नका. खाली वळसा देऊन मग वर चढवा, थेंब वळशावरून गळतील. पाणी शिरलेला तुकडा वाळवत बसू नका, कोरडं चमकदार तांबं दिसेपर्यंत कापा.

वीज ज्याच्या-त्याच्या घरातून घेणे

आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायर सर्रास ग्राहकाच्या घरातल्या सॉकेटवर चालायचा. त्याने झोपताना बटण बंद केलं की पुढची साठ घरं अंधारात. केबलमधूनच कमी दाबाची वीज नेणं हा यावरचा नीट उपाय, आणि अमेरिकेत तो लवकर रुळला होता.

पडद्यावर एक रुंद काळसर पट्टा हळूहळू सरकत असेल तर ५० हर्ट्झची वीज सिग्नलमध्ये मिसळते आहे, बहुधा अर्थिंग किंवा गंजलेला जोड. दोन पट्टे असतील तर १०० हर्ट्झ, म्हणजे पॉवर सप्लायमधला कपॅसिटर सुकलाय. आधी पट्टे मोजा, मग पेटी उघडा.

आणि हे कळकळीने सांगतो: दोन इमारतींमधली केबल सोडवताना तिच्या बाहेरच्या जाळीला उघड्या हाताने धरू नका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, कधी एकीचं अर्थिंग तुटलेलंच असतं, आणि जोड सुटला की तो सगळा फरक तुमच्या दोन हातांमध्ये येतो. शिडीवर असताना तेवढा झटका जीव घ्यायला पुरेसा आहे. आधी टेस्टरने बघा, जाळीला जाळी तारेने जोडा, मग कनेक्टर काढा.

डिजिटल आलं म्हणून मीटर विकून टाकणे

मुंबईत २०१२ अखेर सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुणे-नागपूरला २०१३ मध्ये. मुंग्या, सावल्या, वायपर सगळं पडद्यावरून गेलं. केबलमध्ये ते सगळं आहेच, फक्त आता दिसत नाही. चित्र शेवटच्या क्षणापर्यंत लख्ख असतं आणि मग एकदम चौकोन पडून गोठतं. पूर्वी पडदाच सांगायचा की दोष पाण्याचा, जोडाचा की विजेचा. आता ते मीटरला विचारावं लागतं. चांगल्या दिवशी प्रत्येक टॅपवरचं वरचं आणि खालचं चॅनेल मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि शेजारी त्या दिवशीचं तापमानही.