डायलिसिस आणि ओट्यावरची बाटली
आमच्या ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. खानापूरहून पहाटेची बस, बेळगावात चार तास मशीनवर. त्याची सवय होते. अवघड आहे ते पाणी मोजून पिणं, कारण किडनी काम करत नाही आणि प्यायलेलं पाणी अंगातच साठतं.

ह्यांना डॉक्टरांनी दिवसाला 1 लिटर ठरवून दिलंय. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा. सकाळी मी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवते. चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. बाटली रिकामी, हिशेब संपला. मीठ कमी तर तहान कमी, म्हणून लोणचं-पापड बंद. ‘लो सोडियम’ मीठही नको, त्यात पोटॅशियम असतं आणि तेही अंगात साठतं. शहाळ्यातही असतं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण नेमकं तेच घेऊन येतो!

रोज वजन करून कॅलेंडरवर लिहा. फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली असते, त्या जागेवर) बोटं ठेवून बघा, मांजर घुरघुरतं तशी थरथर लागते. नाही लागली तर लगेच डायलिसिस सेंटरला फोन. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, डायलिसिसची सोडून दुसरी सुई नाही. एकदा रक्त घ्यायला आलेल्या पोरानं तोच हात ओढला. तेव्हापासून फाइलवर कन्नडातही ठळक लिहिलंय: ई कैगे सूजी बेड, म्हणजे ह्या हाताला सुई नको.