ठिपक्यांचा फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये जितकं महत्त्व ठिपक्याला, तितकंच दोन ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेला. ती बुजली की अक्षर राखाडी पट्ट्यासारखं दिसतं, फार वाढली की आकार विस्कटतो.

म्हणून अख्खा परिच्छेद या फॉन्टमध्ये लावू नका. तो शीर्षकाचा, आकड्यांचा, एखाद्या मोठ्या शब्दाचा फॉन्ट आहे. मजकूर किती लांबून वाचला जाणार, हे आधी ठरवा. ठिपक्यांच्या केंद्रांमध्ये 1 मिमी अंतर असेल, तर निरोगी डोळ्याला ते साधारण साडेतीन मीटरपर्यंतच सुटे दिसतात. 10 मीटरवरून ठिपके दिसायला हवे असतील तर 3 मिमी हा अगदी काठावरचा हिशोब झाला. मी दुप्पट धरायला सांगेन.

अक्षर फिकं वाटलं म्हणून ‘बोल्ड’चं बटण दाबणं ही नेहमीची चूक. फॉन्टला स्वतःचा बोल्ड नसेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपका फुगवतं आणि ते एकमेकांना चिकटतात. अक्षराचा आकार वाढवा, किंवा मोठ्या ठिपक्यांची वेगळी आवृत्ती असलेला फॉन्ट घ्या.

मराठी टाइप केलं आणि ठिपके गायब झाले? कोडीस्टार, रॅलवे डॉट्स या ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. मग अनेकजण रोमनच्या 5×7 चौकटीत (आडवे 5, उभे 7 ठिपके) देवनागरी बसवू पाहतात. तिथे शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागाच उरत नाही. जोडाक्षरं तर दूरच. 16 ओळींची चौकट घेतली तर श्वास घेता येतो. खरी कसोटी अनुस्वाराची. ठिपक्यांच्या गर्दीत तो एकटा ठिपका हरवतो आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते! त्याच्याखाली एक ओळ पूर्ण रिकामी सोडा आणि अनुस्वार 2×2 ठिपक्यांचा करा. नुक्त्यालाही हाच न्याय. अक्षरांमधलं अंतर मनाला येईल तसं ताणू नका, शिरोरेषेची लय तुटते. वाढवायचंच तर चौकटीच्या पूर्ण घरांनी वाढवा.

छपाईत फिका रंग टाळा. फिकी छटा मुळात छपाईच्या बारीक जाळीतूनच तयार होते, त्यामुळे लहान ठिपक्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. एकाच शाईचा पूर्ण भरीव रंग वापरा. शाई शोषणाऱ्या कागदावर ठिपके पसरतात, तिथे ते मुळातच थोडे लहान ठेवा. पडद्यावर विचित्र लहरी दिसल्या तर फाइल बदलण्याआधी झूम 100 टक्के करून पाहा. बऱ्याचदा दोष फक्त झूमचा असतो.

स्टेन्सिलसाठी मात्र हा फॉन्ट उत्तम, कारण अक्षराच्या पोटातला भाग गळून पडत नाही. व्हिनाइल कटिंगला (चिकट प्लास्टिकमधून अक्षरं कापायला) देऊ नका: प्रत्येक ठिपका सुटा तुकडा होतो आणि लहान आकारात निम्मे ठिपके चिकटवतानाच उचकटतात.