सकस खाऊनही रक्त वाढत नाही? या चुका टाळा

वहिनीचं हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा घरात सगळे चक्रावले. ताटात रोज मासळी, कुळथाची पिठी, लाल माठाची भाजी. मग रक्त कमी कसं? कारण समोरच होतं. जेवण उरकलं की लगेच कपभर चहा.

चहातलं टॅनिन भाजी, डाळ, नाचणीतल्या लोहाला पोटातच अडवून ठेवतं. चहा सोडू नका, पण जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर घेऊ नका.

बीट लाल म्हणून रक्त वाढतं, असं नाही. १०० ग्रॅम बिटात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह, आणि बाईमाणसाला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. त्यापेक्षा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांचं कालवण करा. शिंपल्यांतलं, माशामटणातलं लोह शरीर सहज घेतं, शिवाय त्याच जेवणातल्या भाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं. मासे खात नसाल तर कुळथाला मोड आणून उसळ करा आणि वाढताना लिंबू पिळा. मोड आले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं, आणि क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. चैत्र-वैशाखात काजूची बोंडं झाडाखाली सडतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं त्यांत!

सगळ्यात महागात पडते ती लोहाच्या गोळ्या मध्येच सोडण्याची चूक. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. हिमोग्लोबिन १२ झालं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने आणखी लागतात. वहिनी इथेच पहिल्यांदा फसली होती.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर रक्त जातंय कुठे ते शोधा. पाळीत जास्त अंगावरून जाणं, मूळव्याध, नाहीतर आतड्यातले हुकवर्म. अनवाणी मातीत वावरताना हे जंत तळपायातून शिरतात, डॉक्टरांनी दिलेल्या जंताच्या गोळीने जातात. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका, पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्या. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचंही हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि लोहाची कमतरता नसेल तर त्यांना या गोळ्यांचा उपयोग नसतो.