जुन्या फ्रेंच जमीन-मापांचे मीटरमध्ये रूपांतर कसे करावे

फ्रान्समधील सतराव्या-अठराव्या शतकातील जमिनीचे दस्तऐवज, किल्ल्यांचे आराखडे आणि सीमानिश्चितीचे कागद यांत लांबी बहुधा त्वाझ, प्ये, पूस आणि लीन्य या एककांत नोंदलेली असते. १ त्वाझ म्हणजे ६ प्ये, १ प्ये म्हणजे १२ पूस आणि १ पूस म्हणजे १२ लीन्य. अर्थात एका त्वाझमध्ये ८६४ लीन्य येतात. बेरीज-गुणाकारातील घोळ टाळायचा असेल, तर दिलेली संपूर्ण लांबी प्रथम लीन्यमध्ये आणावी आणि मगच मीटरकडे वळावे.

मीटरशी या मापांचा दुवा १० डिसेंबर १७९९ च्या फ्रेंच कायद्याने पक्का झाला. दलांब्र आणि मेशँ या खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना या रेखावृत्ताच्या तुकड्याचे मोजमाप केले होते. त्यावरून मीटरची लांबी ४४३.२९६ लीन्य ठरवण्यात आली. हे लीन्य ज्या त्वाझचे होते, तो म्हणजे १७३५ साली विषुववृत्ताकडे निघालेल्या शास्त्रज्ञांच्या मोहिमेने सोबत नेलेली आणि पुढे ‘पेरूचा त्वाझ’ म्हणून ओळखली गेलेली लोखंडी पट्टी. त्यामुळे १ त्वाझ = ८६४ ÷ ४४३.२९६ = १.९४९०४ मीटर, १ प्ये = ०.३२४८४ मीटर आणि १ लीन्य = २.२५५८ मिलिमीटर असे आकडे मिळतात.

समजा, एका भिंतीची लांबी १२ त्वाझ ४ प्ये ७ पूस ३ लीन्य आहे. १२ × ८६४ = १०३६८, ४ × १४४ = ५७६, ७ × १२ = ८४ आणि वरचे ३, असे एकूण ११०३१ लीन्य झाले; त्यांना ४४३.२९६ ने भागल्यावर २४.८८४ मीटर येतात. हिशेब एवढाच आहे. मात्र तो करण्याआधी कागदावरची तारीख पाहणे अत्यावश्यक आहे, कारण त्वाझ हे नाव तेच राहिले तरी त्याची लांबी बदलत गेली.

१६६८ मध्ये पॅरिसच्या शातले या न्यायालयाच्या इमारतीतील प्रमाण त्वाझ नव्याने बसवला गेला, तेव्हा तो आधीच्यापेक्षा सुमारे ५ लीन्य आखूड झाला. त्याआधीच्या पॅरिसमधील नोंदींसाठी वरील उत्तराला ८६९ ÷ ८६४ ने गुणावे. आपली भिंत मग सुमारे २५.०३ मीटर भरते. याउलट १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने रोजच्या व्यवहारासाठी जुनी नावे परत आणली, पण त्वाझ बरोबर २ मीटरचा आणि प्ये मीटरच्या एक-तृतीयांश इतका धरला. या पद्धतीत मीटरमध्ये ४३२ लीन्य बसतात, म्हणून ११०३१ ला ४३२ ने भागावे लागते आणि उत्तर २५.५३५ मीटर येते. म्हणजे एकाच नोंदीच्या दोन वाचनांत ६५ सेंटिमीटरचा फरक पडतो! ही व्यवस्था १८३७ च्या कायद्याने रद्द ठरली आणि १ जानेवारी १८४० पासून केवळ दशमान पद्धत बंधनकारक झाली.

जमिनीच्या मोजणीत खरी कसोटी लागते ती पेर्श या एककामुळे. पॅरिसचा पेर्श १८ प्येचा, सामान्य व्यवहारातला २० प्येचा, तर १६६९ च्या वनविषयक राजाज्ञेतला २२ प्येचा होता. त्यामुळे ‘३७ पेर्श’ ही नोंद अनुक्रमे २१६.३, २४०.४ किंवा २६४.४ मीटर ठरू शकते, आणि यांपैकी कोणते उत्तर खरे, हे गणित सांगत नाही. ते दस्तऐवजातील ‘इतक्या प्येचा पेर्श’ अशा उल्लेखावरून किंवा त्या प्रांताच्या रूढीवरूनच ठरवावे लागते. पुष्कळ प्रांतांत तर प्येसुद्धा स्थानिक असे. अशा वेळी क्रांतीनंतर विभागवार छापली गेलेली तुलना-कोष्टके पॅरिसच्या गुणकापेक्षा अधिक विश्वसनीय मानावीत.

आर्पां या शब्दाबाबतही सावध राहावे. फ्रान्समध्ये तो क्षेत्रफळाचे माप आहे: १०० चौरस पेर्श, म्हणजे पॅरिसच्या पेर्शने ३४१८.९ आणि वनखात्याच्या पेर्शने ५१०७.२ चौरस मीटर. क्वेबेक आणि लुइझियाना येथील कागदपत्रांत मात्र तोच शब्द लांबीसाठीही येतो आणि तेव्हा तो १० पेर्श, म्हणजे १८० प्ये किंवा ५८.४७ मीटर दर्शवतो. ‘३ आर्पां रुंद’ असे लिहिलेले आढळले, तर ते १७५.४ मीटर समजावे.

शेवटी उत्तरातील अंकांचा प्रश्न उरतो. मूळ नोंद पूर्ण पेर्शमध्ये असेल, तर अर्ध्या पेर्शची, म्हणजे जवळपास ३ मीटरची अनिश्चितता तिच्यात मुळातच असते. तिथे मिलिमीटरपर्यंत उत्तर देणे दिशाभूल करणारे ठरेल. लीन्यपर्यंत नोंदलेल्या लांबीसाठी तीन दशांश स्थळे पुरेशी आहेत. रूपांतरित आकड्याशेजारी मूळ नोंद आणि वापरलेला भाजक, ४४३.२९६ की ४३२, दोन्ही लिहून ठेवावेत, म्हणजे दस्तऐवजाच्या तारखेबद्दलचा अंदाज पुढे बदलला तरी हिशेब पुन्हा करता येतो.