या चुका टाळा: युरोपियन जोडीदाराशी घटस्फोट आणि आयर्लंडमधलं तुमचं कार्ड

फोन नेहमी उशिरा येतो. "ताई, डिक्री हातात आली, आता कार्डाचं काय करू?" अगं, हा प्रश्न डिक्रीच्या दोन वर्षं आधी विचारायचा होता! मी वकील नाही. माझ्या स्वतःच्या घटस्फोटात हे सगळे कागद मी गोळा केले, मग डब्लिनमधल्या ओळखीपाळखीच्यांचे बघत गेले. चुका त्याच त्या, माणसं फक्त नवी.

नियम आधी नीट वाचा. तुम्ही भारतीय, जोडीदाराचा पासपोर्ट दुसऱ्या ईयू (युरोपियन युनियन) देशाचा (आपल्या लोकांत बहुतेकदा गोव्याकडून आलेला पोर्तुगीज) आणि संसार आयर्लंडमध्ये. अशा वेळी तुमचं 'स्टँप ४ ईयू फॅम', म्हणजे इथे राहण्याचं कार्ड, जोडीदाराच्या हक्कावर उभं असतं. डायरेक्टिव्ह २००४/३८ (ईयूचा कायदा) याचं कलम १३ सांगतं की घटस्फोटाचा दावा सुरू होण्याआधी लग्नाला किमान ३ वर्षं झालेली असतील आणि त्यातलं किमान १ वर्ष इथे गेलेलं असेल, तर राहण्याचा हक्क तुमच्या स्वतःच्या नावावर टिकतो. मुलांचा ताबा, कोर्टाने इथेच ठरवून दिलेली मुलाची भेट आणि घरातली मारहाण या वाटा वेगळ्या आहेत. जोडीदाराचा पासपोर्ट सुरुवातीपासून आयरिशच असेल तर हे कलम तुमच्यासाठी नाही, तिथे इथला देशी कायदा लागतो. अर्धे लोक इथेच चुकतात.

जोडीदार देश सोडून गेला, आणि तुम्ही गप्प बसलात

ही माझी सगळ्यात नावडती चूक. साताऱ्याची एक मुलगी, नवरा सासष्टीचा, पोर्तुगीज पासपोर्टवाला. दोघं इथे येऊन साधारण तीन वर्षं झाली होती. भांडणं विकोपाला गेली आणि एका फेब्रुवारीत तो बॅग भरून इंग्लंडात स्विंडनला, मावसभावाकडे निघून गेला. हिने काय केलं? काहीच नाही. कार्डावर अजून दीड वर्षाची तारीख होती, लग्न कागदावर शाबूत होतं. शिवाय आयर्लंडमध्ये घटस्फोटाचा दावा टाकायचा तर आधीच्या ३ वर्षांतली २ वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं (२०१९ च्या डिसेंबरपर्यंत ही अट ५ पैकी ४ वर्षांची होती). तिने शहाण्या मुलीसारखी दोन वर्षं मोजली, दावा टाकला, मग हक्क राखण्याचा अर्ज केला. नकार आला.

कारण २०१५ चा सिंग खटला. तोही आयर्लंडचाच, अर्जदारांपैकी एक भारतीय, त्याची बायको लाटव्हियाची. लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे ईयूच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की दावा सुरू होईपर्यंत ईयू जोडीदार त्याच देशात राहत असला पाहिजे. तो आधीच निघून गेला, तर तुमचा हक्क तो गेला त्याच दिवशी संपला. नंतरच्या घटस्फोटाने मेलेला हक्क जिवंत होत नाही. कार्डावरची तारीख ही नुसती प्लास्टिकवरची तारीख. त्या मुलीला शेवटी कंपनीने वर्क परमिट काढून दिलं म्हणून ती टिकली, पण जमलेली वर्षं पाण्यात गेली.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. संसार संपला हे कळलं त्याच आठवड्यात मी नवऱ्याला चार ओळींचा ईमेल केला: अमुक तारखेपासून आपण नवरा-बायको म्हणून राहत नाही, मी धाकट्या खोलीत झोपते. आयरिश कायद्यात एका छताखाली राहूनही 'वेगळं राहणं' धरलं जातं, त्यामुळे माझी दोन वर्षं त्या ईमेलपासून मोजली गेली, घर सोडलं तेव्हापासून नाही. दुसरं, मी भांडण आवरलं. कठीण होतं, पण सर्किट कोर्टात दावा दाखल होईपर्यंत तो इथेच नोकरीत राहणं माझ्या फायद्याचं होतं. त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि रेव्हेन्यूचा (इथलं कर खातं) वार्षिक गोषवारा मी बोलणं चालू असतानाच मागून घेतला. नातं पूर्ण तुटल्यावर कोण देतो!

तो जाणारच असेल तर त्याचं विमान उडायच्या आधी सॉलिसिटर (वकील) गाठा. नंतर मला फोन करून रडू नका.

"पुण्यात म्युच्युअलने उरकून टाक"

हा सल्ला मलाही मिळाला, सख्ख्या मामाकडून. पण परदेशातला घटस्फोट इथे मानला जाण्यासाठी १९८६ चा आयरिश कायदा बघतो की तो मिळाला त्या देशात दोघांपैकी एकाचा डोमिसाइल होता का. डोमिसाइल म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता नव्हे, कायमचं घर कुठे मानता ते. तिकडे घाईने डिक्री आणायची आणि इथे ती मानलीच गेली नाही, तर कागदावर तुम्ही अजून विवाहितच, आणि घटस्फोटाच्या आधारावरचा अर्ज लटकला. शॉर्टकटवाल्यांना मी आता चहा पाजते, वाद घालत नाही.

बाकीच्या, भराभर

दोघंही याच देशात असताना नुसतं वेगळे राहायला लागलो म्हणजे हक्क गेला, असं नसतं. १९८५ च्या दियाता खटल्यापासून हे ठरलेलं आहे. लग्न कायद्याने मोडेपर्यंत तुम्ही जोडीदारच.

दावा ३ वर्षांना दोन महिने कमी असताना टाकू नका. मोजणी दावा सुरू होण्याच्या तारखेपर्यंतची असते, डिक्रीच्या तारखेपर्यंतची नाही.

मन उदास झालं म्हणून नोकरी सोडून गावी जाऊ नका. कायम वास्तव्य (सलग ५ वर्षांनंतरचं) मिळेपर्यंत तुम्ही स्वतः नोकरी किंवा धंदा करत असायला हवं, नाहीतर पुरेसे पैसे आणि पूर्ण आरोग्य विमा हवा. वर्षात एकूण ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ५ वर्षांची साखळी सहसा तुटते.

इंग्लंडमधल्या मावशीचा अनुभव इथे चालत नाही. ब्रेक्झिटनंतर त्यांची योजना निराळी.

"गॅरंटी"वाल्या एजंटाकडून नोकरीची खोटी पत्रं घेऊ नका. फसवणूक सापडली की खरा हक्कही काढून घेता येतो.

मारहाण होत असेल तर वरचं "भांडण आवरा" तुमच्यासाठी नाही. निघा. गार्डाकडे (इथले पोलीस) तक्रार, जीपीची (फॅमिली डॉक्टर) नोंद, सेफ्टी ऑर्डर (कोर्टाचा संरक्षणाचा आदेश), सगळ्याच्या प्रती मैत्रिणीच्या घरी ठेवा. या बाबतीत जोडीदार आधी देश सोडून गेला असला तरी दावा नंतर टाकता येतो, हे २०२१ मध्ये बेल्जियमच्या एका खटल्यात ठरलं. पण वाजवी वेळेत. त्या खटल्यातल्या माणसाने जवळजवळ तीन वर्षं लावली होती, आणि तेवढा उशीर कोर्टाला वाजवी वाटला नाही.