सबवूफरला केबल कोणती घ्यायची?

केबल मागायच्या आधी सबच्या (सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, घुमणारा आवाज काढणारा स्पीकर) मागे बघा. लाइटची वायर आणि आवाजाचा नॉब असेल तर तो ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच आहे. त्याला एकच आरसीए केबल (मधे एक पिन, भोवती गोल कडं) लागते, रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायरचा डबा) 'सब आउट'मधून निघून सबच्या 'एलएफई' किंवा 'लाइन इन'मध्ये. बस. दुकानात जाळीवाली, सोन्याच्या पिनची हजारोंची केबल दाखवतील, पण सबचं काम साधारण १२० हर्ट्झच्या खाली चालतं, तिथे महाग केबलचा फरक निदान मला तरी कधी ऐकू आला नाही.

बघायचं काय तर शील्ड, म्हणजे बाहेरची खरखर अडवणारं तारेभोवतीचं धातूचं आवरण, चांगली हवी आणि पिन घट्ट बसायला हवी. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ केबल पडली असेल ना घरात, ती बहुतेक ७५ ओहमची कोॲक्सच (मधे तार, भोवती शील्ड) असते, लावा बिनधास्त. लांबी मात्र हवेतून सरळ मोजू नका, भिंतीच्या कडेकडेने, दाराला वळसा घालून मोजा आणि वर एक मीटर जास्तच घ्या, कारण सब पहिल्या जागेवर कधीच राहत नाही, कोपऱ्यात घुमतो म्हणून सरकवावाच लागतो. ८-१० मीटरपर्यंत काही अडचण येत नाही.

सबला स्वतःची लाइटची वायरच नसेल तर तो पॅसिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर बाहेरचा लागतो, त्याला दोन तारांची स्पीकर वायर, १४ किंवा १६ गेज (आकडा कमी तितकी वायर जाड). तांब्याचीच घ्या, तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरं निघालं तर बहुतेक ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. आणि ॲम्पच्या स्पीकर आउटची वायर आरसीएच्या भोकात कधीच नाही, इनपुट जळू शकतो.

आता घूंऽऽ आवाज. माझा सब असाच गुणगुणायचा, दोन केबल बदलल्या तरी तेच, शेवटी टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढली आणि एकदम शांत! अर्थिंग दोन ठिकाणांहून येत होतं. म्हणून आधी सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर लावून बघा, आरसीए लाइटच्या वायरीला चिकटून नेऊ नका, ओलांडायचीच तर आडवी ओलांडा. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग असतात, ते अजिबात करू नका, शॉक बसेल.

केबल लावून झाली की सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब (कितीच्या वरचा आवाज सबने कापायचा ते ठरवणारा) सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवा आणि रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, नाहीतर दोन्हीकडून कापलं जातं आणि आपण केबललाच शिव्या देत बसतो.