पहिली मिडरेंज डिस्क घेताना

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ. त्याची डिस्क घेताना तिचे चार आकडे पाहा: स्पीड (लागणारा वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असतानाचं वळण), फेड (वेग ओसरल्यावरचं उलट वळण). मिडरेंजचा, म्हणजे मध्यम अंतराच्या डिस्कचा, स्पीड साधारण 4 ते 5. टर्न -2 किंवा -3 आणि फेड 0 किंवा 1 असेल तर ती अंडरस्टेबल, म्हणजे वेगात सहज वळणारी. हाताला अजून वेग नसेल तर हीच सरळ जाते. वजन 165-170 ग्रॅम पुरे.

उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून ओढून) जोरात फेकली की ती उजवीकडे वळते, समोरून वारा असला तर जास्तच. वखरलेल्या वावरात माझी अशीच उलटून धुऱ्यावरच्या बाभळीत अडकली. काटे काढता काढता सांज झाली. म्हणून वारा पाठीशी घ्या. रंग मात्र भडक गुलाबीच. हिरवी तुरीत गेली की गेलीच.